सुट्टीवर आलेल्याला पाहुणा करू नका

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या भागातल्या पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी लांबच्या देशात सेवेला असतं. कुणी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोला, नाहीतर दक्षिण सुदानला. कुणी मिशनच्या शाळेत, कुणी दवाखान्यात. मी नर्स आहे. शिक्षण मिरजेला झालं, आणि बरीच वर्षं मी केनियात, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला, किसुमू शहरापासून थोडं आत एका मिशन हॉस्पिटलात काम करते. मधूनमधून काही आठवडे घरी येते. आमच्यात या रजेला फर्लो म्हणतात. आज त्या रजेबद्दल बोलायचंय, आणि बोलायचंय ते जाणाऱ्यांशी कमी, घरच्यांशी जास्त.

सांगणं एकच आहे. सुट्टीवर आलेल्या आपल्या माणसाला पाहुणा करू नका. पुन्हा सांगते, पाहुणा करू नका.

ही ये-जा कोल्हापूरला नवी नाही, पूर्वी ती उलट्या बाजूनं चालायची. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली आपल्या गावात आले. सुएझचा कालवा सुरू झाला 1869 साली, त्याच्या आधी अमेरिकेहून इकडं यायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जहाजात. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 साली इथं कोल्हापुरातच जन्मला. त्या मुलाला अमेरिका दाखवून ‘हे आपलं घर’ असं सांगितलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. आज नैरोबीहून मुंबई सहा तासांच्या आसपास. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली की सकाळी कोल्हापूर. घड्याळात फरक अवघा अडीच तासांचा. त्यात रोजचा व्हिडिओ कॉल. त्यामुळं घरच्यांना वाटतं, हिचं सगळं आपल्याला माहीतच आहे. मग विचारायचं राहून जातं आणि खायला घालायचं तेवढं सुरू होतं.

पहिल्या दिवशी तांबडा-पांढरा. दुसऱ्या दिवशी मावशीकडं. मग आत्याकडं, मग वहिनींच्या माहेरी. मग महिला मंडळ, शाळा, सत्कार, शाल, नारळ. शालींचं मला खरंच वाईट वाटतं. त्या पैशांत आमच्या वॉर्डातल्या खाटांना मच्छरदाण्या येतील. सत्कार करणाऱ्या सगळ्यांनी हे मनावर घ्यावं. शाल नको, मच्छरदाणी द्या.

आता एक प्रसंग सांगते.

गेल्या खेपेला मी जानेवारीत आले होते. गुऱ्हाळं ऐन भरात. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ करवीर तालुक्यात नदीकाठाला आहे आणि दादाचा ऊस त्या दिवशी तिथं गाळायला होता. मी म्हटलं, मीपण येते. वहिनींनी बसायला सतरंजी दिली. तिथं पोचल्यावर चुलत्यांनी बाभळीखाली खुर्ची टाकली. आलं-लिंबू पिळून रसाचा ग्लास आला. रसावरची मळी काढायला मी झारा हातात घेतला, तर गूळ शिजवणाऱ्या गुळव्या मामांनी तो काढून घेतला. म्हणाले, “तुम्ही सुट्टीवर आलाय न्हवं? बसा की निवांत.” लहानपणी ज्या काहिलीत भेंडीचं पाणी मी स्वतः ओतायचे, तिच्यापासून चार हात लांब मी खुर्चीत बसले.

रस चढत आला. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे, बुडबुडे जाड होतात, रंग तांबूस होत जातो, वास पार रस्त्यापर्यंत जातो. मामांनी थोडा पाक गार पाण्यात सोडला, दोन बोटांत धरून बघितला. गोळी झाली होती. गोळी झाली की सगळी घाई. तर, काहील उतरवून पाक गार करायच्या वाफ्यात ओतताना एका बाजूनं हिसका बसला, आणि चुलवाणाला चिपाडं घालणाऱ्या पोराच्या पायावर पाक उडाला. घोट्यापासून बोटांपर्यंत.

उकळत्या पाण्यापेक्षा पाक वाईट. तो शंभर अंशांच्या वर तापलेला असतो आणि चिकटून बसतो. आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं शाई आणा, कुणी टूथपेस्ट, कुणी हळद. एकानं चिकटलेला गूळ नखानं सोलायला हात घातला. मी ओरडले, “हात लावू नका! मोटर चालू करा!” पोराला पाइपाजवळ बसवलं आणि पाय पाण्याच्या धारेखाली धरला.

पाच मिनिटांत सगळ्यांना वाटलं, झालं. चुलते म्हणाले, “चल, दवाखान्यात नेऊया.” मी म्हटलं, 20 मिनिटं झाल्याशिवाय पाय बाहेर काढायचा नाही. पोरगा कुडकुडायला लागला. “बास की अक्का, थंडी वाजायलीय.” वहिनींनी दिलेली सतरंजी त्याच्या अंगाभोवती गुंडाळली, पाय तेवढा पाण्यात. हळूहळू गूळ आपोआप विरघळून गेला, सोलायची वेळच आली नाही. फोड आले, ते फोडले नाहीत. धुतलेल्या सुती फडक्यानं सैलसर झाकलं आणि दादा त्याला गाडीवरून दवाखान्यात घेऊन गेला.

हे लक्षात ठेवा, श्रोतेहो. भाजलं की वाहतं गार पाणी, 20 मिनिटं. बर्फ नको, शाई नको, टूथपेस्ट नको. तिकडं हे मी सतत बघते. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं अन्न, तिकडं खेड्यात तीन दगडांच्या चुलीवर जमिनीलगत शिजतं आणि रांगती पोरं भांड्याला हात घालतात. आई त्यांना पाठीला बांधून पायी दवाखान्यात आणते, तोवर वेळ गेलेली असते.

दादा परत आला तोवर दुसरी काहील चढली होती. गुळव्या मामांनी झारा माझ्यापुढं धरला. “मळी वर आलीय बघा, काढा.” अंधार पडेपर्यंत मी मळी काढत होते. हात भरून आले, केसांना धुराचा वास. घरी गेल्यावर वहिनींनी ताट वाढलं नाही. म्हणाल्या, “तव्यावरची भाकरी तेवढी उलटा, मी पाणी तापवते.” त्या रात्री, त्या सुट्टीत पहिल्यांदा, मी गाढ झोपले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता मी वहिनींना आमच्या वॉर्डातल्या एका बाळाबद्दल सांगितलं, जे तोवर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं. त्या लसूण सोलत होत्या, मी पण सोलत होते, आणि बोलणं आलं.

म्हणून म्हणते, पाहुणा करू नका. आलेल्या माणसाला लसूण सोलायला द्या, पाणी भरायला द्या, पोरांना शाळेत सोडायला सांगा. तिकडं दिवसभर कुणाला तरी आपली गरज असते. इथं आल्या आल्या खुर्ची मिळाली, की आपण कुणाच्या कामाचे उरलो नाही असं वाटायला लागतं. शांतिसेनेतून आलेल्या जवानांच्या घरच्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

भेटीगाठी अजिबात नकोत असं नाही. जे पैसे देतात, प्रार्थना करतात, त्यांना तिथलं काम सांगणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. पण ते कार्यक्रम एका आठवड्यात बसवा, आणि पहिला आठवडा मोकळा सोडा.

वेळ संपत आलीय, पण दोन गोष्टी राहिल्यात. केनियासारख्या देशातून भारतात उतरताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड लागतं. ते नसेल तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. लस घेतल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं आणि 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. तेव्हा ते पासपोर्टातच ठेवायला सांगा.

दुसरी गोष्ट तापाची. आमच्या सरोवराकाठी जो मलेरिया आहे तो बहुतेक फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. इथं पोचल्यावर कित्येक आठवड्यांनीही तो वर येऊ शकतो. माणूस आफ्रिकेतून आलाय आणि पहिल्या तीन महिन्यांत ताप चढला, तर प्रवासाचा शीण म्हणून घरी गोळी देऊन झोपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या, देशाचं नाव सांगा आणि मलेरियासाठी रक्त तपासा म्हणून स्वतः मागणी करा.

नमस्कार.