त्रेपन्न मीटर खालची हर्मिस

आमच्या चित्रफितीचे पहिले दृश्य: बडोद्यातील दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या माडीवर सतरंजी अंथरली आहे आणि तिच्यावर पाण्याखालच्या कॅमेऱ्याचे सुटे भाग मांडले आहेत. चिमटीत दिसते ती काळ्या रबराची कडी, ओ-रिंग. कॅमेऱ्याच्या पेटीत पाणी शिरत नाही ते हिच्यामुळे, आणि हिच्यावर एखादा केस जरी राहिला तरी ते शिरते. तरणतलावातल्या पहिल्याच सरावात असा एक केस राहिला आणि एक कॅमेरा कायमचा गेला. तेव्हापासून ही कडी भिंगाखाली पाहिल्याशिवाय पेटी मिटायची नाही, हा नियम जुन्या घरांतल्या सोवळ्याइतक्या कडकपणे पाळला गेला.

हा सारा खटाटोप होता तो श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, बट्टिकलोवाच्या समुद्रात पडलेल्या एका नौकेची छायाचित्रे घेण्यासाठी. ब्रिटिश नौदलाची एच.एम.एस. हर्मिस ही विमानवाहू म्हणूनच आराखडा काढलेली जगातील पहिली नौका. जपानी हल्ल्याच्या धास्तीने तिने त्रिंकोमाली बंदर सोडले, तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हते. ९ एप्रिल १९४२ रोजी सकाळी जपानी बाँबफेकी विमानांनी तिला गाठले आणि काही मिनिटांतच ती बुडाली. बडोद्याच्या गायकवाडांच्या देणगीमुळे ‘बडोदा’ हे नाव मिळालेले लढाऊ विमानांचे एक ब्रिटिश स्क्वाड्रन त्या वर्षी इंग्लंडमध्ये होते. हर्मिसच्या मदतीला मात्र विमाने वेळेवर पोहोचली नाहीत. ३०७ जण गेले, आणि त्या दिवशी बुडालेल्या नौकांवरील सुमारे ६०० जणांना व्हिटा या रुग्णालय नौकेने पाण्यातून उचलले.

आता दोर पाहा. हाच खाली जाण्याचा रस्ता आहे, आणि वरच्या थरातला प्रवाह इतका ओढतो की पाणबुडे वाऱ्यावरच्या पताकांसारखे आडवे झालेले दिसतात. दहा मीटरनंतर लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून पुढचे सारे चित्र निळे-करडे आहे. त्रेपन्न मीटरांवर दाब पृष्ठभागाच्या सहापटीहून अधिक असतो. तेथे साध्या हवेतला नायट्रोजन माणसाला झिंग आणतो आणि झिंगलेल्या हाताला कॅमेऱ्याचे बटणसुद्धा सापडत नाही. त्यासाठी या टाक्यांत हेलियम मिसळलेला वायू, ट्रायमिक्स, भरला आहे. तळाशी मिळतात वीस मिनिटे.

त्या वीस मिनिटांतले हे दृश्य. हर्मिस डाव्या कुशीवर पडली आहे. समोर साडेपाच इंची तोफ आहे, पण दिवा लागेपर्यंत ती तोफ वाटतच नाही. प्रकाश पडताच नारिंगी प्रवाळ, जांभळट स्पंज आणि तोफेच्या तोंडातून डोकावणारा बोटभर मासा दिसतो. पाणबुडा इथे मुद्दाम हातभर अंतर राखून तरंगतो आहे. नौकेच्या आत शिरायचे नाही आणि एक खिळासुद्धा उचलायचा नाही, हे बडोद्यातच ठरले होते, कारण ही अजूनही माणसांची कबर आहे. जावा समुद्रात १९४२ मध्येच बुडालेल्या डी रॉयटर आणि जावा या डच युद्धनौका २०१६ मध्ये पाणबुड्यांना जागेवर सापडल्या नाहीत. भंगारासाठी त्या उचलल्या गेल्या होत्या.

परतीचा प्रवास उतरण्यापेक्षा कितीतरी लांब असतो. शरीरात मुरलेले वायू हळूहळू बाहेर पडावेत म्हणून ठरावीक खोलीवर ठरावीक वेळ थांबावे लागते; घाई केली तर रक्तात बुडबुडे होतात. शेवटचा थांबा सहा मीटरांवर, शुद्ध ऑक्सिजनवर. दोराला धरून कोणी मनगटावरचा संगणक पाहतो, कोणी पाटीवर पेन्सिलीने ‘चहा’ लिहून शेजाऱ्याला दाखवतो. चित्रफितीतला हा सर्वांत कंटाळवाणा भाग आहे आणि आम्ही तो कापलेला नाही.

शेवटचे दृश्य पुन्हा माडीवरचे. एकमेकांवर थोडी थोडी चढणारी हजारो छायाचित्रे संगणक जोडतो आहे आणि त्यांतून हर्मिसची त्रिमिती प्रतिकृती उभी राहते आहे. तोफ, तिच्यामागचा फाटलेला पत्रा, पंख्याची पाती, सारे ओळखू येते. डावी बाजू पडद्यावर कोरी आहे. ती वाळूखाली आहे.