वर द्या म्हणजे सोडून द्या: हंगेरियन मंडळी आणि इंग्रजीचे फ्रेझल व्हर्ब

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आजचा विषय ऐकून थोडं हसू येईल, तर हसून घ्या. इंग्रजीतले फ्रेझल व्हर्ब, म्हणजे अप, इन, ऑफ असे छोटे शब्द जोडून बनलेली क्रियापदं, आणि वाक्प्रचार हंगेरियन माणसाला समजावायचे कसे! तुम्ही म्हणाल, अगं बाई, आम्हीच गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह अवे असं घोकत कशीबशी दहावी काढली, त्यात हंगेरियन लोकांचं काय घेऊन बसलीस. बरोबर आहे. पण मी राहते बुडापेस्टला, ऑफिसात आजूबाजूला सगळे हंगेरियन, कामाची भाषा इंग्रजी, आणि दुपारच्या कॉफीला कुणीतरी विचारतंच की हे 'पुट अप विथ' म्हणजे नक्की काय गं, तुम्हा इंडियन लोकांना तर येतं ना इंग्रजी. मग सांगावं लागतं, इज्जतीचा प्रश्न असतो.

आधी त्यांच्या भाषेबद्दल थोडं. हंगेरीची लोकसंख्या एक कोटीच्या आत, म्हणजे एकट्या मुंबईत त्याहून जास्त माणसं. शेजारी जर्मन, स्लाव्हिक, रोमानियन भाषा, आणि मधोमध ही हंगेरियन, जिचं त्यांच्यापैकी कुणाशीच नातं नाही. फिनिश आणि एस्टोनियन लांबच्या नात्यातल्या, आणि सगळ्यात जवळच्या खांती आणि मान्सी या भाषा तर थेट सायबेरियात बोलतात. आपली मराठी आणि इंग्रजी लांबून का होईना एका घराण्यातल्या, हंगेरियन त्या घराण्यातलीच नाही. म्हणून वाटतं की यांना इंग्रजी आपल्यापेक्षा जड जाणार, आणि बऱ्याच बाबतीत जातंही, पण फ्रेझल व्हर्ब हा जो प्रकार आहे ना, जो आपल्याकडे गाइडमध्ये पानंच्या पानं याद्या देऊन घोकायला लावतात, तो मुळात काय आहे हे हंगेरियन माणसाला लहानपणापासून माहीत असतं.

कारण त्यांच्या क्रियापदांना पुढे छोटे छोटे तुकडे लागतात. त्या तुकड्याला ते म्हणतात इगेकोतो, म्हणजे क्रियापदाला बांधलेला. 'कि' म्हणजे बाहेर, 'बे' म्हणजे आत, 'फेल' म्हणजे वर, 'ले' म्हणजे खाली, 'एल' म्हणजे दूर, आणि 'आत' म्हणजे पलीकडे, पार. हो, उच्चार अगदी आपल्या 'आत'सारखाच आणि अर्थ पलीकडे, त्यामुळे नवीन असताना मराठी माणसाची जाम पंचाईत होते. आणि एक 'मेग' आहे. त्याचा मूळ अर्थ मागे असा होता म्हणतात, पण आज तो कुणाच्या डोक्यातही नसतो, आज 'मेग' लागला की काम पूर्ण झालं एवढंच.

आता हे बघा. 'ओल्वॉश्तॉम' म्हणजे मी वाचत होते. त्याला 'एल' लावा, 'एलोल्वॉश्तॉम', म्हणजे मी वाचून काढलं, पुस्तक संपलं. आपण हेच दुसऱ्या टोकाने करतो की नाही, वाचून काढलं, खाऊन टाकलं, बोलून बसलो, देऊन टाक एकदाचं. काढणे म्हणजे इथे खरोखर काही बाहेर काढत नाही आणि टाकणे म्हणजे फेकत नाही, पण त्या शब्दाशिवाय वाक्यात तो जोर येत नाही. इंग्रजीतला 'अप' बऱ्याचदा हेच काम करतो. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. 'यूज' वापर, 'यूज अप' वापरून संपव. ड्रिंक अप, फिनिश अप, क्लीन अप, यात वर कुणीच काही नेत नाही. हंगेरियन माणसाला मी एवढंच सांगते की इथला 'अप' म्हणजे तुमचा 'मेग', आणि त्याचा चेहरा असा काही खुलतो म्हणून सांगू! शाळेतल्या बाईंनी हे का नाही सांगितलं, हा पुढचा प्रश्न असतो, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि ही तुकड्याची त्यांना किती सवय आहे बघा. कुणी विचारलं 'मेगीर्तॉद?', म्हणजे लिहून झालं का, तर उत्तर येतं 'मेग'. बस. क्रियापद गायब, नुसता तुकडा. म्हणजे आपल्याकडे 'लिहून टाकलंस का?' असं विचारल्यावर कुणी 'टाकलं' म्हणून पुढे चालू लागतं ना, तसं. इंग्रजीत हे चालत नाही हां, 'डिड यू गिव्ह अप?' याला नुसतं 'अप' असं उत्तर दिलं तर समोरचा वर बघेल.

खरं म्हणजे इंग्रजीसुद्धा एके काळी यांच्यासारखी तुकडा पुढे लावायची, जर्मन अजून लावते तशी. त्याच्या खुणा अजून सापडतात. अपब्रिंगिंग आणि ब्रिंग अप, आउटकम आणि कम आउट, इनकम आणि कम इन, नामात तुकडा पुढे आणि क्रियापदात मागे. ओव्हरकम, अंडरस्टँड वगैरे तर अजून पुढेच चिकटून आहेत. आणि हंगेरियनचा तुकडासुद्धा एका जागी बसत नाही बरं का, साध्या वाक्यात पुढे चिकटतो पण हुकूम द्यायचा असला की सुटून मागे जातो. 'मला फोन कर' म्हणायचं तर 'हीव्य फेल', शब्दशः बोलव वर, म्हणजे चक्क 'कॉल अप'! नकार आला की तेच, तुकडा मागे. त्यामुळे 'टर्न द लाइट ऑफ' आणि 'टर्न ऑफ द लाइट' दोन्ही चालतं हे ऐकून हंगेरियन माणूस आपल्यासारखा दचकत नाही. फक्त 'इट' आला की तो मध्येच घालायचा, 'टर्न इट ऑफ', 'टर्न ऑफ इट' कधीच नाही, एवढं एक सांगून ठेवावं लागतं.

काही जोड्या तर इतक्या जुळतात की गंमत वाटते. 'फेल' म्हणजे वर, 'ऑद' म्हणजे देतो, आणि 'फेलॉद' म्हणजे सोडून देणे, हार मानणे. गिव्ह अप! जशाच्या तसा. जर्मनमध्येही हेच, आणि हा योगायोग नाही, हंगेरी शेकडो वर्षं हाब्सबुर्ग राजघराण्याखाली होती, १८६७ पासून १९१८ पर्यंत तर ऑस्ट्रिया-हंगेरी असं जोडराज्यच होतं, त्या काळात जर्मनच्या साच्यावर बरीच क्रियापदं घडली. फॉर्म भरणे म्हणजे बाहेर भरणे, फिल आउट. कुणाला तुच्छ लेखायचं तर खाली बघायचं, लुक डाउन ऑन, आणि आदर असला तर वर बघायचं, लुक अप टू. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'एलोरेहोझ', पुढे आणणे. मीटिंग बुधवारची मंगळवारी घ्यायची तर इंग्रज म्हणतो 'ब्रिंग फॉरवर्ड', हंगेरियनही अगदी हेच म्हणतो, मुदतपूर्व निवडणुकीलासुद्धा ते 'पुढे आणलेली निवडणूक' म्हणतात, आणि आपण भारतीय मात्र 'प्रीपोन' करून मोकळे झालो. मी ऑफिसात प्रीपोन म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. बघू देत, शब्द चांगला आहे आपला.

आता खरी मेख. इतकं जुळतं म्हणूनच गडी फसतो. कारण दिशा तीच असते पण पोचतो भलत्याच गावाला.

'उतानॉ' म्हणजे मागून, नंतर, आफ्टर. 'नेझ' म्हणजे बघतो. 'उतानॉनेझ' म्हणजे शोधून बघणे, चौकशी करणे, माहिती काढणे. आता हे तुकड्यातुकड्याने इंग्रजीत घातलं की काय होतं? लुक आफ्टर! आमच्याकडच्या एकीने क्लायंटला मेल टाकला, बिल कुठे अडकलंय असा त्याचा प्रश्न होता, हिने लिहिलं 'आय विल लुक आफ्टर इट'. तिच्या मनात एवढंच की बघते काय झालंय ते. इंग्लंडमधल्या माणसाने वाचलं की ही आता सगळं बघून घेणार, म्हणजे जबाबदारी हिची. दुसऱ्या दिवशी तो विचारतोय झालं का, आणि ही म्हणतेय मी बघितलं, आमच्याकडे काही नाही. तिला म्हटलं, अगं 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, आजारी माणसाला, मुलांना, कुत्र्याला. मग चौकशीला काय म्हणायचं? 'लुक इन्टू'. आत बघायचं? कशाच्या आत? आता याला काय उत्तर देणार, म्हटलं प्रकरणाच्या आत. आणि डिक्शनरीत शब्द बघायचा तर? 'लुक अप'. ती म्हणाली मगाशी तू वर बघणे म्हणजे आदर म्हणालीस. म्हटलं त्याच्या मागे 'टू' असतो. कॉफी थंड झाली तिची.

'जॉन लुक्स गुड' हे हंगेरियनमध्ये शब्दशः 'जॉन चांगला बाहेर बघतो' असं होतं, हेसुद्धा जर्मनकडून आलेलं. कुणी कौतुकाने 'यू लुक आउट गुड' म्हणालं तर समोरच्याला वाटणार की अरे बापरे, सांभाळ, वरून काही पडतंय का, कारण 'लुक आउट' ही इंग्रजीत सावध करायची आरोळी आहे. दोघांचं पटतं, गट्टी जमते, याला ते म्हणतात 'एकमेकांबरोबर बाहेर येतो', आणि हे इंग्रजीत बोललं तर फारच वेगळा अर्थ निघू शकतो, तिथे 'गेट ऑन' हवं. दिवा लावायचा तर तो 'बे', म्हणजे आपल्या अर्थाने आत, लावतात, म्हणून 'स्विच इन द लाइट' ऐकू येतं. आणि 'बेरूग' हे माझं लाडकं आहे, शब्दशः आत लाथ मारणे, अर्थ टल्ली होणे. इंग्रजीत 'किक इन' म्हणजे औषध वगैरे लागू पडणे. एकाने मला सांगितलं की शनिवारी आय किक्ड इन, मला क्षणभर वाटलं याने कुणाचं दार फोडलं.

एवढं सगळं भांडवल घरात असून हे लोक मेलमध्ये फ्रेझल व्हर्ब टाळतात. 'पुट अप विथ' ऐवजी टॉलरेट. याला कारणं आहेत. लॅटिन ही हंगेरीची राजभाषा होती थेट १८४४ पर्यंत, 'टॉलरेट'सारखे शब्द हंगेरियन वेषात घरोघरी आहेत, ते जवळचे वाटतात. शाळेत १९८९ पर्यंत रशियन सक्तीची, त्यामुळे एका अख्ख्या पिढीला इंग्रजी उशिरा मिळालं. टीव्हीवर परदेशी मालिका सगळ्या डब केलेल्या, बोललेलं इंग्रजी कानावर पडणार कुठून? २०१२ च्या युरोबॅरोमीटर पाहणीत परकीय भाषेत बोलू शकतो म्हणणारे हंगेरीत ३५ टक्के निघाले, युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात कमी. आता तरुण पोरं गेमिंग आणि यूट्यूबवर फाडफाड शिकतात, ती वेगळीच.

बरं, वाक्प्रचारांकडे येते, वेळ संपत आला. रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज सोडून द्या, ते इंग्रजसुद्धा क्वचितच म्हणतात आणि जगातल्या प्रत्येक शाळेत मात्र शिकवतात. 'ब्रेक अ लेग' आपल्याला किती विचित्र वाटतं, परीक्षेला निघालेल्या पोराला पाय मोड म्हणायचं, आपली आजी म्हणेल शुभ बोल नाऱ्या. हंगेरियन माणसाला हे समजवावंच लागत नाही, तो स्वतः हातसुद्धा मोड आणि पायसुद्धा मोड म्हणतो, शुभेच्छा म्हणून! इंग्रजांचं बिंग फुटलं की पिशवीतून मांजर बाहेर पडतं, यांच्या पोत्यातून खिळा. इंग्रजांना पलीकडचं गवत हिरवं दिसतं, आपल्याला दुरून डोंगर साजरे, आणि हंगेरियन आजी परदेशी निघालेल्या नातवाला म्हणते की तिथलं कुंपणही काही सॉसेजचं नाहीये. कुणाचा स्वभाव बदलत नाही तेव्हा इंग्रज बिबट्याचे ठिपके काढतात, हंगेरियन म्हणतात कुत्र्यापासून डुकराची चरबी मिळत नाही, आणि आपणही कुत्र्यावरच येतो, शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच.

एक मात्र असं आहे की ते मराठी माणसालाच पटकन कळतं. 'तोब इश वेसेत मोहाचनाल', मोहाचला याहून जास्त गेलं होतं. मोहाचची लढाई २९ ऑगस्ट १५२६ ची, समोर सुलतान सुलेमान, हंगेरीचं सैन्य काही तासांत संपलं, वीस वर्षांचा राजा लायोश पळताना ओढ्यात बुडून मेला, आणि नंतर देशाचे तुकडे झाले. योगायोग बघा, पानिपतची पहिली लढाई पण १५२६ चीच, एप्रिलमधली. पण आपलं पानिपत म्हणजे १७६१ चं. आपण 'पानिपत झालं' म्हणतो ते सत्यानाश झाला की, आणि उसने पैसे मागायला आलेल्याला म्हणतो विश्वास तर पानिपतातच गेला. हे मात्र मोहाच काढतात ते धीर द्यायला, पाकीट हरवलं, ट्राम चुकली, प्रोजेक्ट हातचं गेलं, जाऊ दे रे, मोहाचला याहून जास्त गेलं. मी त्यांना विश्वासरावांची गोष्ट सांगितली तेव्हा दोन मिनिटांत कळली. इंग्रज क्लायंटसमोर मोहाच काढायचं नाही एवढं फक्त बजावून ठेवते, त्याला वाटेल गोदामाचं नाव आहे. त्याला म्हणायचं 'वर्स थिंग्ज हॅपन ॲट सी', समुद्रावर याहून वाईट घडतं, आणि हंगेरीला समुद्रच नाही हा पुढचा विनोद त्यांचा ते करतात.

चला, 'पुट अप विथ' अजून राहिलंच. सहन करणे, चालवून घेणे, तीन शब्द एकत्र, मध्ये काही घुसवायचं नाही. पुढच्या वेळी अशा तीन तुकडेवाल्यांना धरते, 'रन आउट ऑफ', 'गेट अवे विथ' वगैरे. तोवर रजा घेते, नमस्कार.