खबरी आणि धाड

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या कोणत्याही जुन्या पोलीस ठाण्यात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या हवालदाराशी सवडीने बोललात, तर तो एक गोष्ट हमखास सांगेल. वस्तीतल्या एखाद्या पानटपरीवाल्याने चोरीचा माल ठेवलेल्या खोलीची टीप दिली आणि साहेबांनी त्याच रात्री धाड घातली, तर माल मिळतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात आणि टपरीवाला मात्र कायमचा हातचा जातो. कारण त्या खोलीची माहिती कोणाकोणाला होती, हे गल्लीला बोटांवर मोजता येते. म्हणून जाणता अधिकारी दोन-तीन दिवस थांबतो, नाक्यावर उगाचच नाकाबंदी लावतो, भलत्याच प्रकरणात दोघांना चौकशीला बोलावतो आणि मग धाड घालतो. खबरी वाचतो. पण तेवढ्या अवधीत माल हललेला असला, की वरून फोन येतो: टीप होती, तर थांबलात कशाला?

देशाच्या गुप्तहेर खात्यापुढचा पेच याच फोनचा आहे. अशा खात्याकडे दोन कामे असतात. परक्या देशात काय शिजते आहे याची माहिती काढणे हे पहिले, आणि आपला हात दिसू न देता तिथे काहीतरी घडवून आणणे, म्हणजे छुपी कारवाई, हे दुसरे. पहिल्या कामाला वर्षानुवर्षांची शांतता लागते, तर दुसरे कितीही गुपचूप केले तरी शेवटी आवाज होतोच. आणि आवाज झाला की समोरचा पक्ष घरातले फितूर शोधू लागतो.

हा पेच आपल्याकडे फार पूर्वीच ओळखला गेला होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे दोन वर्ग केले आहेत. एका जागी राहून बातमी गोळा करणाऱ्या ‘संस्था’, त्यांत विद्यार्थी, शेतकरी, व्यापारी, तापस यांच्या वेषातले हेर. आणि फिरते ‘संचार’, ज्यांत तीक्ष्ण म्हणजे मारेकरी आणि रसद म्हणजे विषप्रयोग करणारे मोडतात. या दोन वर्गांनी एकमेकांना ओळखू नये, आणि तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच त्यावर विश्वास ठेवावा, असेही तिथे बजावले आहे. बहिर्जी नाईकांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पण १६६४ च्या सुरतेच्या स्वारीआधी त्यांनी घेतलेली पाळत मोलाची ठरली ती स्वारी होईपर्यंत कोणालाच न दिसल्यामुळे, हे आपण सहसा बोलत नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी घातपातासाठी जुलै १९४० मध्ये एसओई नावाची वेगळी संघटना काढली, तेव्हा जुन्या गुप्तहेर खात्याने नाके मुरडली. त्यांची तक्रार अगदी आपल्या हवालदाराची होती: तुम्ही पूल उडवलात की जर्मनांची गुप्त पोलीस संघटना गेस्टापो त्या गावात घर न् घर धुंडाळते आणि आमचा माणूस पकडला जातो. त्याच युद्धात याच्या उलट संयमही दिसतो. जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडून भूमध्य समुद्रातल्या रसदीच्या जहाजांचा ठावठिकाणा कळला, तरी ब्रिटिश लगेच हल्ला करत नसत. आधी एक टेहळणी विमान त्या जहाजांवरून जाईल आणि जहाजांवरच्या लोकांना ते दिसेल, अशी व्यवस्था करत, म्हणजे आपण विमानामुळे सापडलो असे त्यांना वाटावे. नाक्यावरची ती खोटी नाकाबंदी आणि हे विमान यांत मला काही फरक दिसत नाही.

अमेरिकेची गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तिथले आकडे उघड झाले आहेत. १९४७ मध्ये सीआयए स्थापन झाली ती मुख्यतः माहिती एकत्र आणून तिचा अर्थ लावण्यासाठी. पुढच्याच वर्षी फ्रँक विस्नर यांच्या हाताखाली छुप्या कारवायांची वेगळी शाखा उभी राहिली. १९४९ मध्ये या शाखेत ३०२ माणसे होती आणि तिचे अंदाजपत्रक ४७ लाख डॉलरचे होते. १९५२ मध्ये माणसे २,८१२ झाली, परदेशातली कंत्राटी माणसे ३,१४२ झाली आणि खर्च ८ कोटी २० लाख डॉलरवर गेला. तीन वर्षांत एवढी सूज का आली, हे समजायला कठीण नाही. प्रकल्प दाखवता येतो, त्यावर बढती मिळते. दहा वर्षे एका कारकुनाची मैत्री सांभाळणाऱ्याला दाखवायला काय असते? आपल्याकडेही चकमकीची बातमी पहिल्या पानावर येते, आणि खबऱ्याला कटिंग पाजत बसलेल्या हवालदाराचे छायाचित्र मी तरी कुठे पाहिलेले नाही.

मग दोन्ही कामे पूर्णपणे वेगळी करावीत का? ते करून पाहिले गेले आणि जमले नाही. बँकॉकमध्ये माहितीवाल्यांनी आणि कारवाईवाल्यांनी एकाच बड्या थाई अधिकाऱ्याला आपापल्याकडे ओढायचा प्रयत्न केला आणि प्रकरण हातघाईवर आले. १९५२ मध्ये दोन्ही शाखा एकत्र कराव्या लागल्या. माझ्या मते वेगळे ठेवायला हवे ते तिसरेच काम, म्हणजे आलेल्या माहितीचे मूल्यमापन. एप्रिल १९६१ मध्ये क्यूबात बे ऑफ पिग्जच्या किनाऱ्यावर कॅस्ट्रोंची सत्ता उलथवण्यासाठी सुमारे १,४०० क्यूबन निर्वासित उतरवले गेले, तेव्हा ती मोहीम आखणारेच ती यशस्वी होईल की नाही याचाही निवाडा करत होते. त्याच खात्यातल्या विश्लेषकांना मोहिमेपासून दूर ठेवण्यात आले होते. बेटावर उठाव होईल हा भरवसा फोल ठरला, तीन दिवसांत सगळे आटोपले आणि अकराशेहून अधिक जण कैद झाले. वधूपक्षाच्या मामाकडूनच वधूची चौकशी करावी, तसा हा प्रकार होता.

इराणमध्ये मात्र यशच अंगाशी आले. ऑगस्ट १९५३ मध्ये पंतप्रधान मोसाद्देक यांचे सरकार उलथवण्यात सीआयएचा हात होता आणि ती कारवाई पुढे कित्येक वर्षे नमुना म्हणून मिरवली गेली. पण त्यानंतर शहा, म्हणजे तिथले राजे, हेच अमेरिकेचे इराणमधले सर्वस्व झाले. त्यांना दुखवायचे नाही म्हणून विरोधकांशी फारसा संबंध ठेवला गेला नाही, आणि देशातल्या खदखदीची माहिती शहांच्याच पोलिसांकडून घेतली गेली. ऑगस्ट १९७८ मध्ये, रस्त्यावर मोर्चे निघत असताना, इराण क्रांतीच्या किंवा क्रांतिपूर्व अवस्थेतही नाही, असा निष्कर्ष या खात्याने काढला. जानेवारी १९७९ मध्ये शहा देश सोडून गेले.

आपल्याकडे १९६२ आणि १९६५ च्या युद्धांतल्या उणिवा पाहून सप्टेंबर १९६८ मध्ये रॉ स्थापन झाली आणि रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख झाले. तीन वर्षांतच मुक्तिवाहिनीला मदत करण्याचे काम तिच्याकडे आले, म्हणजे आपले खाते अगदी बालपणापासून दोन्ही कामे करत आले आहे. उलट बाजूही सांगतो. गुजराल पंतप्रधान असताना पाकिस्तानातल्या छुप्या कारवाया बंद करण्यात आल्या, असे या खात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी लिहिले आहे, आणि त्यांची खंत अशी की असे हस्तक एकदा सोडून दिले की पुन्हा उभे करायला पिढी जाते. ही खंत मला खोटी वाटत नाही. कारवाईची क्षमताच नसावी, असे मी म्हणत नाही. पण ती वापरायची की नाही, हे ठरवणाऱ्याने लेखी सही करावी, असा कायदा अमेरिकेने १९९१ मध्ये केला. आपल्या रॉचा आणि आयबीचा कारभार आजही संसदेने केलेल्या कायद्यावर चालत नाही. २०११ मध्ये यासाठी एक खासगी विधेयक लोकसभेत आले होते, ते मंजूर झाले नाही.

२६ नोव्हेंबर २००८ नंतर या शहरात, लोकलच्या डब्यापासून दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत, एकच मागणी ऐकू येत होती: आपणही त्यांच्या घरात शिरून मारा. १६६ माणसे गेली होती. तो संताप मीही अनुभवला आहे. परंतु त्या हल्ल्याआधीच्या महिन्यांत हल्ला समुद्रमार्गे होऊ शकतो आणि ताजमहाल हॉटेल लक्ष्य आहे, अशा सूचना आलेल्या होत्या. कमतरता मारणाऱ्या हाताची नव्हती. आलेल्या तुकड्यांची मोट बांधून योग्य टेबलावर योग्य वेळी पोचवणारे कोणी नव्हते.

त्या रात्री बधवार पार्कजवळच्या मच्छीमार वस्तीत हवा भरलेली रबरी होडी लागली आणि पाठीवर जड पिशव्या घेतलेले तरुण उतरले, तेव्हा तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकले होते. कोण तुम्ही, कुठून आलात, असे विचारले होते. उत्तर उर्मटपणाचे मिळाले आणि ते तरुण रस्त्याला लागले. पुढे मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली, किनाऱ्यावर नवी पोलीस ठाणी उभी राहिली, गस्तीच्या बोटी आल्या. मी या वस्त्यांत जातो तेव्हा तिथल्या म्हाताऱ्यांना एवढेच विचारतो, की समुद्रात अनोळखी होडी दिसली तर तुम्ही कोणाला सांगता. काही जण चटकन एखाद्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव घेतात; काही जण जाळे विणता विणता थांबतात आणि म्हणतात, त्या साहेबांची तर बदली झाली.

नमस्कार.