टाळेबंदीची किंमत कोणी मोजली?

(दृश्य: समुद्रावरचा लांब पूल, तुरळक गाड्या)

हा ओरेसुंडचा पूल. या टोकाला डेन्मार्कचं कोपनहेगन, त्या टोकाला स्वीडनचं माल्मो. मार्च २०२० मध्ये दोन्हीकडे एकच विषाणू होता, नियम मात्र वेगळे. डेन्मार्कने शाळा, रेस्टॉरंट, सलून बंद केली. स्वीडनने दुकानं आणि लहान मुलांच्या शाळा चालू ठेवल्या.

मग स्वीडनच्या दुकानदारांचा गल्ला भरला असेल ना?

कोपनहेगनच्या अर्थशास्त्रज्ञांनी दोन्ही देशांतल्या बँक ग्राहकांचे व्यवहार तपासले. साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत लोकांचा खर्च डेन्मार्कमध्ये सुमारे २९ टक्क्यांनी घटला होता. आणि स्वीडनमध्ये? सुमारे २५ टक्क्यांनी! सरकारी हुकमामुळे पडलेला फरक एवढाच. गिऱ्हाईक धास्तीनेच घरी बसलं होतं. टीव्हीवर 'जीव की अर्थव्यवस्था' असं रोज ओरडणाऱ्यांनी हे दोन आकडे जरा बघायला हवे होते.

(दृश्य: महामार्गावरून पायी चाललेली कुटुंबं)

पण हा हिशेब जसाच्या तसा उचलून कुठेही लावता येत नाही. डेन्मार्कमध्ये काम थांबलेल्यांच्या पगाराचा मोठा वाटा सरकार मालकाला देत होतं. भारतात २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद. हातावर पोट असलेल्यांची मजुरी त्याच रात्री बुडाली, आणि लाखो माणसं गावाकडे चालू लागली. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत, पहिल्या सरकारी अंदाजानुसार, देशाचं सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घसरलं.

(दृश्य: बंद शाळेचं फाटक)

काही नुकसान तर तिमाहीच्या आकड्यांत येतच नाही. युगांडातल्या शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या, त्या पूर्णपणे उघडल्या जानेवारी २०२२ मध्ये. तोवर कितीतरी मुलं कामाला लागली होती, कितीतरी मुली आई झाल्या होत्या.

स्वीडनलाही फुकटात काही मिळालं नाही. पहिल्या वर्षी तिथे शेजारच्या नॉर्वे, डेन्मार्कपेक्षा कितीतरी जास्त माणसं दगावली, त्यांतली पुष्कळशी वृद्धाश्रमांत. २०२२ मध्ये स्वीडनच्याच चौकशी आयोगाने निष्कर्ष दिला: सरसकट टाळेबंदी टाळली ते योग्यच होतं, पण सुरुवातीची पावलं उशिरा पडली आणि ती पुरेशी कडक नव्हती.