दुसरी ओळ कुठून आली?

लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या नोंदवहीत) डिस्कविषयीची एकच ओळ लागोपाठ दोनदा दिसली, की पुष्कळजण थेट ड्रायव्हरचा (डिस्क चालवणाऱ्या कर्नलच्या भागाचा) कोड उघडतात आणि संदेश छापणाऱ्या 'प्रिंटके'च्या जागी एकदाच छापणारं 'प्रिंटके_वन्स' लिहून मोकळे होतात. ओळ एकदाच दिसू लागते खरी, पण स्टोरेजच्या बाबतीत यात मोठा धोका आहे. ती दुसरी ओळ दुसऱ्याच बिघाडाची असू शकते. म्हणून ओळ गप्प कशी करायची यापेक्षा ती येते कुठून, हे शोधण्यावर मी आज जास्त वेळ देणार आहे.

सगळ्यात आधी एकच गोष्ट ठरवायची: ड्रायव्हरने ओळ दोनदा छापली, की एकदा छापलेली ओळ दोन वाटांनी फाइलीत पोहोचली? याचं उत्तर '/डेव्ह/केएमएसजी' ही कर्नलच्या संदेशांची फाइल वाचली की मिळतं. तिथल्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला स्वल्पविराम देऊन प्राधान्य, अनुक्रमांक, मायक्रोसेकंदांतली वेळ आणि एक खूण असते. मग अर्धविराम आणि पुढे संदेश. यातला अनुक्रमांक बघा. फाइलीत दोन ओळी आहेत आणि इथे त्यांचा क्रमांक एकच आहे, तर ड्रायव्हरचा काही दोष नाही. बहुतेक वेळा फाइलीत लॉग लिहिणाऱ्या 'आरसिसलॉग'मध्ये 'आयएमकेलॉग' (थेट कर्नलमधून वाचणारं) आणि 'आयएमजर्नल' (जर्नलमधून वाचणारं) ही दोन्ही मॉड्यूल चालू असतात. जर्नल (सिस्टमडीची लॉग-सेवा) स्वतःच कर्नलचे संदेश उचलतो, त्यामुळे दोन्ही वाटांनी तेच येतं. एक मॉड्यूल बंद करा. फक्त सीरियल कन्सोलवरच ओळी दुप्पट दिसत असतील, तर बूटच्या ओळीत 'कीप_बूटकॉन' राहिलंय का पाहा. तसं असेल तर सुरुवातीचा कन्सोल आणि नंतरचा खरा कन्सोल दोघंही एकाच पोर्टवर लिहीत राहतात.

क्रमांक दोन निघाले, तर खरं काम आता सुरू होतं.

दोन्ही ओळी एकाच डिस्कच्या आहेत का? ड्रायव्हरने नुसतं 'पीआर_एरर' वापरलं असेल तर हे सांगताच येत नाही. चार डिस्क चार ओळी छापतात आणि चारही हुबेहूब दिसतात. असे संदेश 'डेव्ह_एरर'वर न्या, म्हणजे ड्रायव्हरचं आणि डिव्हाइसचं नाव आपोआप पुढे लागतं. मल्टीपाथमध्ये (एकाच डिस्ककडे दोन वाटा असताना) एकच लन, म्हणजे स्टोरेजमधली तार्किक डिस्क, दोन नावांनी दिसतो, तिथे दोन मार्गांच्या दोन ओळी येणं रास्तच आहे.

डिस्कही एकच असेल तर ओळींमधलं अंतर मोजा. 'एसडी' या एससीएसआय डिस्कच्या ड्रायव्हरमध्ये कमांडचा नेहमीचा टाइमआउट ३० सेकंदांचा असतो आणि फसलेली कमांड जास्तीत जास्त ५ वेळा पुन्हा पाठवली जाते. खालचा ड्रायव्हर प्रत्येक प्रयत्नाला ओरडत असेल, तर एका मागणीमागे त्याच्या ६ ओळी पडतात आणि वरच्या थराची अखेरची तक्रार एकदाच येते. ३० सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या ओळी दिसल्या की आधी याचाच संशय घ्या. बूटच्या वेळीच ओळ परत येत असेल तर 'प्रोब' (ड्रायव्हरने डिव्हाइस ताब्यात घेऊन सुरू करणं) पुढे ढकललं जात असेल. डिव्हाइसला वीज देणारा रेग्युलेटर किंवा क्लॉक तयार नसला की ५१७ हा एरर परत जातो आणि नंतर प्रोब पुन्हा पहिल्यापासून चालतं. कर्नल ५.९ पासून 'डेव्ह_एरर_प्रोब' आहे. ते या कारणासाठी आवाज करत नाही, बाकीचे बहुतेक एरर मात्र छापतं.

आणखी एक जागा पाहण्यासारखी आहे. डिस्कची क्षमता, राइट कॅशची स्थिती वगैरे माहिती 'एसडी' रीव्हॅलिडेट करताना (डिस्क नव्याने तपासताना) वाचतो, आणि हे फंक्शन डिस्कच्या आयुष्यात अनेकदा चालतं. म्हणून त्यात 'फर्स्ट_स्कॅन' नावाची खूण प्रत्येक डिस्कच्या रचनेत ठेवली आहे: पहिल्या वेळी छापायचं, नंतर माहिती बदलली तरच. ही खूण डिस्कच्या रचनेत आहे, फंक्शनमध्ये नाही, हे लक्षात ठेवा. थोड्या वेळाने त्याच मुद्द्यावर येतो.

सगळ्यात अवघड प्रकार शर्यतीचा, म्हणजे दोन कोड एकाच वेळी त्याच गोष्टीला हात घालण्याचा. मागणी पूर्ण झाल्याचा इंटरप्ट (हार्डवेअरचा इशारा) आणि टाइमआउट हँडलर (वेळ संपल्यावर चालणारा कोड) एकाच वेळी पोहोचतात आणि दोघंही तीच मागणी 'फसली' म्हणून बंद करतात. असं होत असेल तर दुसरी ओळ हा अत्यंत मोलाचा पुरावा आहे, कारण तीच मागणी दोनदा बंद होणं म्हणजे मेमरी बिघडण्याची वेळ. संदेशात मागणीचा टॅग (तिचा ओळखक्रमांक) छापा आणि कर्नल 'कॉन्फिग_प्रिंटके_कॉलर' चालू करून बांधा. मग प्रत्येक ओळीपुढे टी आणि थ्रेडचा क्रमांक, किंवा सी आणि सीपीयूचा क्रमांक येतो. टॅग एकच, एक ओळ टी आणि दुसरी सी: एक थ्रेडमधून, एक इंटरप्टमधून. अर्थात थ्रेडेड इंटरप्ट (इंटरप्टचं काम थ्रेडमध्ये चालणारा) असेल तर दोन्हीकडे टीच दिसेल, तेव्हा थ्रेडचं नाव शोधावं लागतं.

इथे छापाछापी वाढवू नका. १,१५,२०० बॉडच्या सीरियल पोर्टवरून सेकंदाला साधारण ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद. तेवढ्यात शर्यतीची वेळच सरकते आणि दोष दिसेनासा होतो. 'ट्रेस_प्रिंटके' वापरा, ते मेमरीतल्या बफरमध्ये लिहितं. शोध संपला की ते काढून टाका.

आता 'वन्स'बद्दल. 'डेव्ह_एरर_वन्स'ची खूण कोडमधल्या त्या ओळीपुरती असते, डिव्हाइसपुरती नाही. पहिली डिस्क बोलली की उरलेल्या सगळ्या कायमच्या मुक्या. रेटलिमिटचंही तसंच: मुळात ५ सेकंदांत १० संदेश, आणि तो कोटा त्या ओळीवरून जाणाऱ्या सगळ्या डिस्क मिळून वापरतात. एक डिस्क गोंगाट करत असताना दुसरीची पहिली तक्रार त्यात गडप होते. डिस्कच्या रचनेत खूण ठेवा आणि रीसेट यशस्वी झाल्यावर ती पुसा.

दुरुस्ती तपासण्याआधी तुमच्या ड्रायव्हरशिवाय काय दिसतं ते बघून घ्या. 'एससीएसआय_डीबग' हे खोटी डिस्क तयार करणारं मॉड्यूल 'ऑप्ट्स=२' देऊन चढवलं की ४६६० पासूनच्या सेक्टरांवर वाचनाचा एरर येतो. 'डीडी' या कॉपी करणाऱ्या कमांडने तो सेक्टर आधी 'डायरेक्ट' (कर्नलची कॅश टाळून) देऊन वाचा, मग साधा वाचा. साध्या वाचनात रीडअहेडची (पुढचं आधीच वाचून ठेवण्याची) मोठी मागणी फसली की कर्नल हवं तेवढंच पान पुन्हा मागतो आणि एररही पुन्हा येतो. ती पुनरावृत्ती तुमच्या ड्रायव्हरच्या वर होते, ती तुमच्या कोडमध्ये शोधत बसू नका.