सेंड दाबायच्या आधी

ऑफिसचा मेल लिहीत बसलेल्या एकीचा हा कर्सर बघा जरा. दोन मिनिटं झाली, एकाच ओळीवर लुकलुकतोय. ‘हे मी गेल्या आठवड्यातच सांगितलं होतं.’ टाइप केलं, खोडलं. ‘कदाचित तुम्ही मेल वाचला नसेल.’ हेही खोडलं. आणि शेवटी तिच्याकडून जातं काय, तर ‘आठवणीसाठी आधीचा मेल पुन्हा जोडत आहे.’ वर नमस्कार, खाली धन्यवाद, मधला सगळा संताप बॅकस्पेसने गिळलेला.

आता खरी ती कुठली, पहिली ओळ लिहिणारी की शेवटची? आपण पटकन म्हणतो पहिली. मला नाही पटत, कारण ती ओळ खोडायचं ठरवलं तेही तिनेच ना, दुसऱ्या कोणी येऊन थोडंच खोडलं.

या असल्या कामाला अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात भावनिक श्रम म्हटलं. त्यांनी विमानातल्या एअर होस्टेसचा अभ्यास केला, ज्यांचं हसू पगारातच धरलेलं असतं, आणि दुसरीकडे थकलेली बिलं वसूल करणाऱ्यांचा, म्हणजे एकाला हसायचे पैसे आणि दुसऱ्याला डोळे वटारायचे. त्यांनी यात दोन तऱ्हा सांगितल्या. एक वरवरचा अभिनय, चेहरा बदलला पण आतली चिडचिड जागच्या जागी. दुसरा आतून केलेला, म्हणजे हा खेकसणारा पॅसेंजर बहुतेक घाबरलाय असं स्वतःला समजवायचं आणि मग राग खरंच उतरतो. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत माणूस दमतो तो जास्त करून पहिल्यात असं दिसलं. व्हिडिओ कॉल संपतो, कॅमेरा बंद होतो आणि गाल एकदम खाली येतात बघा, तेच ते.

तरी एक गोष्ट राहतेच. जॉइनिंगच्या दिवशी सगळीकडे सांगतात, इथे तुम्ही जसे आहात तसे या. ऐकायला भारी वाटतं. पण आवाज चढला की बॉस ‘रोखठोक’, आणि तेवढाच आवाज नव्या पोरीचा चढला की ‘ॲटिट्यूड फार आहे हिला’. मग माणसं हळूहळू शिकतात, कोणी बोलण्यातला हेल घासून गुळगुळीत करतं, कोणी कानातलं मशीन केसांखाली सरकवतं, कोणी आजारी मुलाला ‘थोडं पर्सनल काम’ म्हणतं. समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्येच हे हेरलं होतं, की लोकांना माहीत असलेलं वेगळेपणसुद्धा माणूस डोळ्यांत भरू नये म्हणून झाकत राहतो. याला प्रोफेशनल म्हणायचं? मी तरी नाही म्हणणार.

बरं, आपली मेलवाली. तिला मीटिंगमध्ये विचारलं, शुक्रवारपर्यंत होईल ना? ती म्हणाली, ‘नाही होणार. सोमवारी दुपारी देते.’ सॉरी नाही, ते ओशाळं हसू नाही, आवाजही चढवला नाही. स्क्रीनवरचे सगळे चौकोन दोन सेकंद गप्प. मग कोणीतरी म्हणालं, ‘चालेल, पुढचा पॉइंट घ्या.’