नोट्स मार्कडाउनमध्ये, कामं एकेका ओळीत

[कॅमेऱ्याकडे बघून]

नमस्कार मंडळी. नोट्स आणि कामांच्या यादीसाठी कुठलं ॲप घ्यावं हा वाद आज नको. साध्या टेक्स्टची फाईल नोटपॅडमध्ये उघडते, फोनवर उघडते, आणि ॲप बंद पडलं तरी मजकूर आपल्याकडेच राहतो. आजचा प्रश्न वेगळा आहे: त्या फाईलमध्ये लिहायचं कसं?

नोट्ससाठी माझं मत सरळ आहे, मार्कडाउन, म्हणजे साध्या टेक्स्टमध्येच चिन्हं टाकून मथळे-मुद्दे दाखवायची पद्धत. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली ते आणलं. हॅश टाकला की मथळा, डॅश टाकला की मुद्दा. फाईल आहे तशी उघडली तरी ती वाचता यावी, हा त्यामागचा मूळ हेतू. मीटिंगमध्ये समोरचा भराभर बोलतोय आणि तुम्ही टाइप करताय, अशा वेळी याहून जास्त काही लागत नाही.

कामांच्या यादीला मात्र मी मार्कडाउन वापरत नाही. का, ते बघा.

[स्क्रीनवर]

## दुकानाची वेबसाईट
- [ ] लोगो
  - [ ] फाईल मागवणे
- [ ] फोटो
  - [ ] फाईल मागवणे

दिसायला छान आहे. आता 'मागवणे' शोधा. हाती काय आलं? दोन ओळी, अगदी सारख्या. कुठली लोगोची, कुठली फोटोंची? अर्थ वरच्या ओळीत राहिला. (चौकटी कंस मूळ मार्कडाउनमध्ये नाहीतच, ती नंतरची भर. म्हणून काही ॲपमध्ये टिक करायची चौकट दिसते, काहींत नुसते कंस.)

[स्क्रीनवर]

लोगोची फाईल मागवणे +वेबसाईट @फोन
दुकानाच्या फोटोंची फाईल मागवणे +वेबसाईट @मेल

ही टूडू डॉट टीएक्सटीची पद्धत, २००६ मध्ये जीना ट्रापानी यांनी सुरू केलेली. एक ओळ म्हणजे एक काम. अधिक चिन्हापुढे प्रोजेक्ट, ॲटच्या चिन्हापुढे ते काम कुठे किंवा कशाने करायचं ते. तातडीचं असेल तर ओळीच्या सुरुवातीला कंसात कॅपिटल ए, मग बी, सी. ओळ कुठूनही उचला, ती स्वतःचा पत्ता सोबत घेऊन येते. दोघांनी एकच फाईल वापरली तरी दोन प्रती ताडून बघितल्या की काय बदललं ते ओळीगणिक दिसतं.

ऑर्ग मोडचं नाव घेतलं नाही तर कमेंटमध्ये माझी शाळा घ्याल. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये ते ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरसाठी लिहिलं. नोट्स, कामं, तारखा, सगळं एकाच फाईलमध्ये. ताकद भरपूर. पण ती खरी कळते ईमॅक्समध्येच, आणि पटकन काही टिपायला कुणी ईमॅक्स शिकायला बसत नाही.

आता मराठीतल्या खाचाखोचा. यावर कुणी बोलत नाही, म्हणून जरा सावकाश घेतो.

टूडू डॉट टीएक्सटीत काम झालं की ओळीच्या सुरुवातीला छोटा एक्स लिहायचा. इंग्रजी यादी अक्षरक्रमाने लावली की एक्सवाल्या ओळी साधारण तळाला जातात. मराठीत उलटं होतं. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो नंबर देतो त्याच्या, क्रमात रोमन अक्षरं देवनागरीच्या आधी येतात, त्यामुळे झालेली कामं बाकीच्या मराठी ओळींच्या डोक्यावर जाऊन बसतात! उपाय सोपा: झालेल्या ओळी कापून वेगळ्या 'डन' फाईलमध्ये टाका.

तारीख इंग्रजी आकड्यांत आणि वर्षापासून लिहा, 2026-03-05 अशी. मराठी आकडे आपल्याला वाचता येतात, पण ती फाईल वाचणाऱ्या प्रत्येक ॲपला ते तारीख म्हणून कळतीलच असं नाही.

आणि शोध. 'वेबसाईट' आणि 'वेबसाइट', एका इ-ईच्या फरकाने प्रोजेक्टचे दोन प्रोजेक्ट होतात. त्याहून छुपा घोळ 'दुसऱ्या'मधल्या ऱ्याचा. तो युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साधा शोध एक शोधताना दुसरा सोडून देतो. म्हणून प्रोजेक्टची नावं छोटी ठेवा, जोडाक्षरं टाळा, नावात स्पेस नको. सगळी नावं मार्कडाउनच्या नोट्समध्ये सर्वात वर एकदाच लिहून ठेवा आणि दर वेळी तिथूनच कॉपी करा.